एलिव्हेशन स्टॅटिक लावूनही रिफ्लेक्शन दातेरी, आणि गेन नेमका कधी लावायचा?

दातेरी_रेघ विचारतात:

जमिनीवरची एक २-डी सिस्मिक लाइन (स्फोटाच्या लहरी खालच्या थरांवरून परतताना, म्हणजे रिफ्लेक्शन्स, नोंदवलेली) सिस्मिक युनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेस करतो आहे. स्फोटकांचे शॉट, शॉटहोल सुमारे २० मीटर खोल, रिसीव्हर ग्रुपमधलं अंतर २५ मीटर, २४० चॅनेल आणि शॉट मधोमध. सँपल २ मिलिसेकंदांचं, रेकॉर्ड ४ सेकंदांचं. जमिनीची उंची ३८० ते ४६० मीटर. डेटम (सगळ्या वेळा जिथून मोजायच्या ती काल्पनिक पातळी) ५०० मीटरवर सपाट धरला आहे, रिप्लेसमेंट व्हेलॉसिटी (डेटमपर्यंतच्या अंतरासाठी धरलेला वेग) २००० मीटर प्रतिसेकंद.

आतापर्यंतचा क्रम: सस्टॅटिक प्रोग्रामने फक्त उंचीचं स्टॅटिक (जमिनीच्या चढउतारामुळे येणाऱ्या वेळेच्या फरकाची दुरुस्ती), मग सुगेन या गेनच्या (ॲम्प्लिट्यूड वाढवण्याच्या) प्रोग्राममध्ये जॉन=१, त्यावर ५०० मिलिसेकंदांचं एजीसी (सरकत्या खिडकीत ताकद आपोआप समान करणारा गेन), मग व्हेलॉसिटी पिकिंग, एनएमओ (अंतरामुळे होणाऱ्या उशिराची दुरुस्ती) आणि शेवटी सुरेसस्टॅट प्रोग्रामने रेसिड्युअल (उरलेलं स्टॅटिक). अडचणी अशा:

१. शॉट गॅदरमध्ये (एका शॉटचे सगळे ट्रेस, म्हणजे रिसीव्हरांच्या नोंदी, एकत्र) ०.८ सेकंदांवरचं ठळक रिफ्लेक्शन स्टॅटिक लावल्यावरही दातेरीच दिसतं. काही भागांत तर स्टॅटिक न लावलेला स्टॅक (एकाच जागेच्या ट्रेसची बेरीज) जास्त बरा आहे.
२. रेसिड्युअलनंतर स्टॅक सलग झाला, पण एका ठिकाणी सगळी रिफ्लेक्शन्स एकदम २८ मिलिसेकंदांनी खाली उतरतात. हा फॉल्ट आहे का?
३. अर्ध्या सेकंदाच्या आसपास व्हेलॉसिटी १८०० च्या घरात येते. विहिरीतल्या मोजणीप्रमाणे तिथे २००० तरी हवी.
४. पुढे एव्हीओ (ऑफसेट, म्हणजे शॉट-रिसीव्हर अंतर, यानुसार ॲम्प्लिट्यूड कशी बदलते त्याचा अभ्यास) करायचं आहे. त्यासाठी ॲम्प्लिट्यूडची दुरुस्ती कुठल्या टप्प्यावर आणि कशी करावी?

फील्डकडून आलेल्या हेडरमध्ये अपहोल टाइम (लहरीला शॉटपासून सरळ वर पृष्ठभागी यायला लागलेला वेळ) भरलेले आहेत.

---

वेदरिंग_तळ:

पहिल्या अडचणीचं कारण तुमच्या यादीतच आहे. उंचीचं स्टॅटिक वरचा सैल, मंद थर हिशेबातच घेत नाही. डेटमपर्यंत सगळीकडे २००० ची व्हेलॉसिटी आहे असं ते गृहीत धरतं.

आकड्यांत बघा. शेजारशेजारचे दोन रिसीव्हर, दोघांची उंची ४६० मीटर. उंचीच्या हिशेबाने दोघांनाही (५०० − ४६०) ÷ २००० = +२० मिलिसेकंद. आता पहिल्याखाली ६०० मीटर प्रतिसेकंद व्हेलॉसिटीचा थर १८ मीटर जाड आहे आणि दुसऱ्याखाली तोच ६ मीटर आहे असं धरा. पहिल्यात थरातले ३० मिलिसेकंद काढायचे, तळ ४४२ वर, तिथून डेटमपर्यंत २९ मिलिसेकंद घालायचे, उत्तर −१. दुसऱ्यात १० काढायचे, तळ ४५४ वर, २३ घालायचे; उत्तर +१३. म्हणजे या दोन ट्रेसमध्ये १४ मिलिसेकंदांचा फरक आहे आणि तुमच्या स्टॅटिकला तो दिसतच नाही. सिग्नल ३५ हर्ट्झच्या आसपास असेल तर त्याचा अर्धा पिरियड १४.३ मिलिसेकंद. हे दोन ट्रेस एकमेकांत मिळवले की रिफ्लेक्शन जवळजवळ पुसलं जातं. स्टॅक बिघडतो तो इथे.

अपहोल टाइम आहेत हे फार चांगलं. शॉट थराच्या खाली उडवलेला असेल तर शॉटचं स्टॅटिक थेट मिळतं: (डेटम − (उंची − खोली)) ÷ रिप्लेसमेंट व्हेलॉसिटी. त्यातून अपहोल टाइम वजा केला की त्याच जागेवरच्या रिसीव्हरचं स्टॅटिक मिळतं. वरच्या पहिल्या रिसीव्हरपाशी २० मीटर खोल शॉट असेल तर शॉटचं +३०, अपहोल ३१ (थरातले ३० आणि खालच्या २ मीटरांचा १), म्हणून रिसीव्हरचं −१. आधीच्या हिशेबाशी जुळतं. ही ताळ्याची कसोटी प्रत्येक शॉटपाशी लावा. जिथे ३–४ मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक निघेल तिथे शॉटहोलची खोली, अपहोलचं पिक किंवा उंची यांपैकी एक चुकलेलं असतं. शॉटहोल थराच्या तळापर्यंत पोहोचलंच नसेल तर मात्र उरलेला मंद थर शॉटच्या खाली राहतो आणि वरचं सूत्र अपुरं पडतं.

---

फर्स्ट_ब्रेक:

अपहोल फक्त शॉटच्या जागी असतात. मधल्या रिसीव्हरांवर इंटरपोलेशन करून भागत नाही, कारण थराची जाडी त्याहून लवकर बदलते. तिथे रिफ्रॅक्शन स्टॅटिकच हवं (खालच्या वेगवान थरालगत, म्हणजे रिफ्रॅक्टरलगत, धावून आलेल्या लहरींवरून काढलेलं). तुमच्या २५ मीटर अंतरावर डायरेक्ट वेव्ह एखाददुसऱ्या ट्रेसवरच दिसेल, त्यामुळे वेदरिंगची (वरच्या सैल थराची) व्हेलॉसिटी फर्स्ट ब्रेकमधून (ट्रेसवरच्या पहिल्या आगमनातून) नीट मिळणार नाही. लोक याला फार घाबरतात. ती अपहोलवरून घ्या आणि पुढे चला, कारण डिले टाइमची (वरच्या थरामुळे रिफ्रॅक्शनला होणाऱ्या उशिराची) पद्धत या चुकीला बरीच सोसते.

का ते सांगतो. डिले टाइममधून निघणारं वेदरिंग स्टॅटिक = डिले टाइम × (१ − साइन) ÷ कोसाइन. कोन क्रिटिकल, साइन = वरची व्हेलॉसिटी ÷ खालची. डिले टाइम २८.६ मिलिसेकंद असेल आणि ६००/२००० धरलं तर जाडी १८ मीटर आणि दुरुस्ती २१ मिलिसेकंद. वरची व्हेलॉसिटी चुकून ८०० धरली तर जाडी २५ मीटर निघते, म्हणजे जवळजवळ ४० टक्के चूक. पण दुरुस्ती १८.७ वर येते. फरक फक्त २.३ मिलिसेकंद, आणि तो रेसिड्युअलच्या आवाक्यात आहे. जाडीचा नकाशा चुकीचा दिसला म्हणून स्टॅटिकही तितकंच चुकलं असं नाही. उलट रिफ्रॅक्टरची व्हेलॉसिटी लाइनभर एकच धरणं जास्त महागात पडतं. ती जागेनुसार बदलू द्या.

पिकिंगबद्दल दोन गोष्टी. स्फोटकांच्या डेटात पहिल्या हालचालीची सुरुवात पिक करा आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळा. दूरच्या ऑफसेटवर सुरुवात नॉइजमध्ये बुडते आणि ऑटोपिकर एक सायकल पुढे सरकतो. म्हणून पिक्स लिनिअर मूव्हआउट लावून बघा: रिफ्रॅक्टरच्या व्हेलॉसिटीने सपाट केल्यावर उडी मारलेला पिक लगेच डोळ्यात भरतो. दुसरं, इन्व्हर्जनला (पिक्सवरून थराचं मॉडेल काढणाऱ्या गणिताला) सगळे ऑफसेट देऊ नका. ज्या ऑफसेट पट्ट्यात एकच रिफ्रॅक्टर पहिला येतो तेवढाच द्या. दोन रिफ्रॅक्टरांची पिक्स एका थरात कोंबली की त्यातली चूक लांब वेव्हलेंग्थच्या (लाइनवर हळूहळू बदलणाऱ्या) स्टॅटिकमध्ये जाऊन बसते, आणि ती नंतर काढता येत नाही.

---

दातेरी_रेघ:

लांब वेव्हलेंग्थचं रेसिड्युअल सांभाळून घेईल असं वाटत होतं. आणि तिसऱ्या अडचणीचा, म्हणजे व्हेलॉसिटीचा, संबंध याच्याशीच आहे का?

---

तरता_डेटम:

रेसिड्युअल ते सांभाळत नाही. ते प्रत्येक सीएमपीमधल्या (शॉट-रिसीव्हरचा मध्यबिंदू एकच असलेल्या) ट्रेसच्या आपसातल्या फरकांवर चालतं. स्प्रेडच्या (एका शॉटसाठीच्या रिसीव्हरांच्या रांगेच्या) लांबीपेक्षा मोठ्या वेव्हलेंग्थची चूक सीएमपीतल्या सगळ्या ट्रेसना जवळपास सारखीच सरकवते, त्यामुळे तिथे फरकच उरत नाही. तुमचा स्प्रेड ६ किलोमीटर. त्याहून रुंद चूक स्टॅकमध्ये बेमालूम स्ट्रक्चर बनून राहते. म्हणूनच रिफ्रॅक्शन मॉडेल आधी पक्कं करायचं.

व्हेलॉसिटीचं कारण वेगळं आहे: सपाट डेटम. पूर्ण स्टॅटिक एनएमओच्या आधी लावलं की हायपरबोला (ऑफसेटनुसार वाकणारं रिफ्लेक्शन) जशीच्या तशी खाली सरकते, पण वेळ जिथून मोजायची तो शून्य सरकत नाही. वक्रता जुन्या वेळेची आणि वेळ नवी, म्हणून व्हेलॉसिटी कमी भासते. अंदाजे सूत्र: भासणारी = खरी × वर्गमूळ(जुनी वेळ ÷ नवी वेळ). तुमच्या लाइनवर ३८० मीटर उंचीला शॉटचे ७० आणि रिसीव्हरचे ६० मिळून १३० मिलिसेकंद होतात. अर्ध्या सेकंदावर २००० ची व्हेलॉसिटी १७८० दिसणार. ४२० मीटर उंचीला एकूण ९०, तिथे १८४० दिसणार. तुमचे १८०० यातूनच आले आहेत. २ सेकंदांवर मात्र ९० मिलिसेकंदांनी ३००० चं जेमतेम २९३५ होतं, म्हणून खाली काही खटकत नाही.

उपाय तरत्या डेटमचा. प्रत्येक सीएमपीतल्या ट्रेसच्या एकूण स्टॅटिकची सरासरी काढा आणि ती लाइनवर साधारण स्प्रेडच्या लांबीने स्मूथ करा. एनएमओच्या आधी फक्त (एकूण − सरासरी) लावा. व्हेलॉसिटी त्या डेटमवर पिक करा. राहिलेली सरासरी स्टॅकनंतर लावून सपाट डेटमवर जा. प्रीस्टॅक टाइम मायग्रेशन (स्टॅकच्या आधी रिफ्लेक्शन्स खऱ्या जागी नेणं) करणार असाल तर तेही तरत्या डेटमवरूनच. डेप्थ मायग्रेशन करायचं असेल तर शक्यतो जमिनीच्या पृष्ठभागावरूनच करा, रिप्लेसमेंट व्हेलॉसिटीच्या कृत्रिम थरातून नको.

आणि डेटम जमिनीच्या वर असल्यामुळे ट्रेस खाली सरकतात. ४ सेकंदांच्या रेकॉर्डची शेपटी १३० मिलिसेकंदांपर्यंत कापली जाईल. आधी ट्रेसची लांबी ४.३ सेकंद करून घ्या.

---

पायलट_ट्रेस:

२८ मिलिसेकंदांच्या उडीबद्दल. ३५ हर्ट्झचा पूर्ण पिरियड २८.६ मिलिसेकंद. हा सायकल स्किप (जुळवणी एका पूर्ण पिरियडने चुकणं) आहे, फॉल्ट नाही, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येईल. खऱ्या फॉल्टमध्ये उडी वरपासून खालपर्यंत तंतोतंत सारखी राहणं विरळाच: फॉल्टचा पृष्ठ तिरका असतो आणि थ्रोच्या वेळेत खोलीनुसार बदल दिसतो. तुमची उडी सरळ उभी आणि सगळ्या रिफ्लेक्शनना सारखीच. खातरजमेसाठी शॉट आणि रिसीव्हर स्टॅटिकचा स्टेशननुसार आलेख काढा. त्याच जागी दोघांतही पायरी दिसेल.

ती आली कुठून? सुरेसस्टॅटमध्ये एनटीपिक ही कमाल शिफ्ट सँपलमध्ये असते आणि डीफॉल्ट ५०. तुमच्या २ मिलिसेकंद सँपलवर ती १०० मिलिसेकंद होते, म्हणजे तीन सायकलींहून जास्त मोकळीक. उंचीचंच स्टॅटिक लावलेल्या डेटावर एवढी मोकळीक दिली की कोरिलेशन चुकीच्या शिखरावर जाऊन बसणारच. असं करा:

– रिफ्रॅक्शन स्टॅटिक आणि तरता डेटम झाल्यावरच रेसिड्युअलकडे या.
– पहिल्या फेरीसाठी डेटाच्या प्रतीवर ८–२५ हर्ट्झचा फिल्टर. तिथे प्रमुख फ्रिक्वेन्सी १८ च्या आसपास येते आणि अर्धा पिरियड २८ मिलिसेकंद होतो. एनटीपिक १२, म्हणजे २४ मिलिसेकंद.
– दुसऱ्या फेरीत पूर्ण बँड, एनटीपिक ६. तिसरी लागली तर ४.
– खिडकी ०.६ ते १.४ सेकंद, ०.८ चं रिफ्लेक्शन आत येईल अशी, पण स्ट्रक्चरबरोबर वरखाली होणारी. म्यूटची (मुद्दाम शून्य केलेल्या भागाची) कड आणि ग्राउंड रोल (पृष्ठभागावरून येणारी संथ, जोरदार लहर) आत येऊ देऊ नका.
– प्रत्येक फेरीनंतर व्हेलॉसिटी पुन्हा पिक करा. चुकीच्या व्हेलॉसिटीने उरलेला मूव्हआउट स्टॅटिकमध्ये झिरपतो आणि मग दोन्ही एकमेकांच्या चुका लपवतात.

दोन फेऱ्यांनंतर स्टॅटिकचं आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) सँपलएवढं खाली आलं की थांबा. अजून घटत नसेल तर कमाल शिफ्ट वाढवू नका. मागे जाऊन फर्स्ट ब्रेक तपासा.

सीएमपी ट्रिम स्टॅटिकचा मोह टाळा. त्यात प्रत्येक ट्रेस स्वतंत्रपणे पायलटशी (नमुना ट्रेसशी) जुळवला जातो, पृष्ठभागाशी सुसंगत राहण्याचं (एका जागेला एकच दुरुस्ती देण्याचं) बंधन नसतं. मोकळीक दिली की तो नॉइजमधूनही रिफ्लेक्शन उभं करतो. लावायचंच असेल तर ४ मिलिसेकंदांच्या आत. एव्हीओसाठीचे गॅदर असतील तर माझ्या मते अजिबात नको.

---

समतोल_गेन:

चौथ्या प्रश्नावर येतो. जॉन=१ आजच काढून टाका. तो पर्याय टीपॉवर २ (वेळेच्या वर्गाने गुणणं), जीपॉवर ०.५ आणि क्यूक्लिप ०.९५ (मोठी मूल्यं छाटणं) एकदम लावतो. जीपॉवर ०.५ म्हणजे ॲम्प्लिट्यूडचं वर्गमूळ. चारपट ताकदीचं रिफ्लेक्शन दुप्पट होऊन बाहेर येतं, त्यातून मूळ प्रमाण सांगता येत नाही. वर क्लिपिंग. स्क्रीनवर बघायला तो पर्याय छान, एव्हीओच्या डेटाला मात्र मारक.

त्याऐवजी सुडिव्हकॉर प्रोग्रामने स्फेरिकल डायव्हर्जन्सची (लहर पसरत गेल्याने ती क्षीण होण्याची) दुरुस्ती करा. १९७३ मध्ये न्यूमन यांनी मांडलेला गुणक म्हणजे वेळ × आरएमएस व्हेलॉसिटीचा वर्ग, भागिले पृष्ठभागाजवळची व्हेलॉसिटी. आरएमएस व्हेलॉसिटीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढत असेल तर हा गुणक आपोआप वेळेच्या वर्गासारखा होतो. टीपॉवर २ इतकी वर्षं बरा चालतो तो यामुळेच. दोन्ही एकावर एक लावू नका. व्हेलॉसिटी खडबडीत पिक्सची नको, लाइनभर एक-दोन स्मूथ फंक्शन पुरतात. नाहीतर व्हेलॉसिटीची प्रत्येक चूक ॲम्प्लिट्यूडमध्ये वर्ग होऊन उतरते: व्हेलॉसिटीत ५ टक्के चूक म्हणजे गुणकात १० टक्के.

हा गेन मोठ्या डेटम शिफ्टच्या आधी लावा. वेळ शॉटच्या क्षणापासून मोजलेली हवी. ६०० मिलिसेकंदांचं रिफ्लेक्शन १०० नी वर सरकवून मग टीपॉवर २ लावलं तर ते जवळजवळ ३१ टक्के कमी राहतं. तुमच्या लाइनवर शिफ्ट जागेनुसार बदलते, म्हणजे ही चूकही लाइनवर हळूहळू बदलत जाईल आणि जमिनीचा चढउतार रिफ्लेक्शनच्या ताकदीत उमटेल.

त्यानंतर मृत ट्रेस आणि स्पाइक काढा, ग्राउंड रोल कमी करा, आणि मगच सरफेस-कन्सिस्टंट (प्रत्येक शॉट आणि रिसीव्हरला एकच गुणक देणारी) ॲम्प्लिट्यूडची दुरुस्ती. त्याचं गणित स्टॅटिकसारखंच, फक्त लॉगमध्ये: ट्रेसची ताकद = शॉट + रिसीव्हर + ऑफसेट + सीएमपी. एखादा शॉट ६ डेसिबल कमी आणि रिसीव्हरचं कपलिंग ३ डेसिबल कमी असेल तर त्या ट्रेसला सुमारे २.८ चा गुणक लागतो. गुणकांना ०.१ ते १० अशी मर्यादा घाला. त्याबाहेर जाणारा ट्रेस बहुधा मृत किंवा सडलेला असतो. चारही घटक सोडवा, पण लावा फक्त शॉट आणि रिसीव्हरचे. ऑफसेटचा घटक लावला तर जे एव्हीओ शोधायचं आहे तेच सपाट होईल. सीएमपीचा घटक म्हणजे खालचा भूगर्भ, त्यालाही हात लावू नका.

या टप्प्यावर नॉइज आधी काढण्याचा आग्रह का? ग्राउंड रोलची ताकद जवळच्या ऑफसेटवर रिफ्लेक्शनच्या कितीतरी पट असते. खिडकीत तो राहिला की आरएमएस त्याचंच मोजमाप करतं आणि चांगला शॉट उगाच दाबला जातो. खिडकी ०.७ ते २.२ सेकंद घ्या, दूरच्या ऑफसेटवर मूव्हआउटबरोबर खाली सरकणारी. डीकॉन्व्होल्यूशननंतर (वेव्हलेट, म्हणजे सिग्नलचा मूळ आकार, आखूड केल्यानंतर) हीच दुरुस्ती पुन्हा एकदा करा, दुसऱ्या फेरीतले गुणक १ च्या जवळ यायला हवेत.

---

पायलट_ट्रेस:

एक जोड. एजीसी पूर्ण वर्ज्य नाही. रेसिड्युअलच्या कोरिलेशनला ते हवंच असतं, नाहीतर मोठ्या ट्रेसचाच आवाज ऐकू येतो. पण ते प्रतीवर लावा, त्या प्रतीतून स्टॅटिक काढा आणि मूळ डेटावर फक्त स्टॅटिक लावा. ५०० मिलिसेकंदांच्या एजीसीने ०.८ च्या ठळक रिफ्लेक्शनच्या वरखाली २५० मिलिसेकंदांपर्यंत फिकट पट्टा पडतो. त्या पट्ट्याला भूगर्भ समजून कोणी अर्थ लावायला नको. डीकॉनच्या आधी तर मूळ डेटावर एजीसी नकोच, वेव्हलेट बदलतो.

---

दातेरी_रेघ:

क्रम कळला. सेग-वाय (सिस्मिक डेटाचा प्रमाणित फाइल फॉरमॅट) हेडरमध्येही स्टॅटिकच्या जागी आकडे दिसताहेत. ते वापरू का?

---

वेदरिंग_तळ:

आंधळेपणाने नको. बाइट ९९–१०० मध्ये शॉटचं, १०१–१०२ मध्ये रिसीव्हरचं आणि १०३–१०४ मध्ये एकूण लावलेलं स्टॅटिक असतं. १०३–१०४ शून्य नसेल तर ते डेटावर आधीच लावलेलं असू शकतं, आणि पुन्हा लावलं की दुप्पट होईल. फर्स्ट ब्रेकवरून ठरवा: दूरचा ऑफसेट शॉटनुसार जसा वाकतो तो उंचीशी जुळतो का ते बघा. जुळत असेल तर स्टॅटिक अजून लागलेलं नाही.

उंच्या वाचताना बाइट ६९–७० चा स्केलर बघा. तो ऋण असेल तर भागायचं: ४६००० आणि −१०० म्हणजे ४६० मीटर. हे सुटलं तर स्टॅटिक हजारो मिलिसेकंदांचं निघतं आणि ट्रेस रिकामे दिसतात. चिन्हाची खात्री एका ट्रेसवर करा, +२० देऊन इव्हेंट खाली जातो की वर ते बघा. सस्टॅटिकमध्ये चिन्ह उलटं करायला साइन=−१ आहे आणि हेडरमधून वाचायला एचडीआरएस=१.

शेवटचं म्हणजे राउंडिंग. ही हेडरं दोन बाइटची पूर्णांक आहेत, म्हणून मूल्य पूर्ण मिलिसेकंदात येतं. सेग-वायच्या रिव्हिजन १ मध्ये बाइट २१५–२१६ ला वेळेचा स्केलर आहे, पण सगळी सॉफ्टवेअर तो वाचतातच असं नाही. शॉट आणि रिसीव्हर वेगवेगळे लावून दोन्ही वेळा जवळच्या सँपलवर नेले तर २ मिलिसेकंदांपर्यंत चूक साचते. ६० हर्ट्झला ती ४३ अंशांची फेज आहे, म्हणजे स्टॅकची वरची फ्रिक्वेन्सी हळूच निघून जाते. अपूर्णांकातली मूल्यं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, सगळी बेरीज करा आणि शिफ्ट एकदाच, इंटरपोलेशनसह लावा.